सहा तास पट आणि पाच तास झोप

डोकेदुखीची तक्रार घेऊन बारा वर्षांचा एक मुलगा बालरोगतज्ज्ञांकडे आला. रोज सहा तास बुद्धिबळ, रात्री बारापर्यंत मोबाईलवर ब्लिट्झचे झटपट डाव, पहाटे पाचला पुन्हा सराव. आधी तबला सुटला, मग क्रिकेट. इंटरनेटवर बघून ‘स्मरणशक्तीचं’ सिरप दोन महिने पाजून झालं होतं. डोळे मात्र एकदाही तपासले नव्हते. ‘रेटिंग वाढवायचं तर बाकीचं सोडावंच लागतं ना?’ वडिलांनी विचारलं.

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या घरोघरी हा समज घट्ट बसलाय, आणि तो चुकीचा आहे. 1935 मध्ये अलेखाईनला हरवून जगज्जेता झालेला माक्स यूवे शाळेत गणित शिकवायचा. 1957 चा जगज्जेता स्मिस्लोव्ह इतका चांगला गायचा, की त्यानं बोल्शोई थिएटरसाठी चाचणीही दिली होती. शिवाय शरीराकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. जगज्जेतेपदासाठीची 1984-85 ची कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढत पाच महिने लांबली, 48 डावांनंतर निकालाविना थांबवावी लागली. तोवर कार्पोव्हचं वजन सुमारे दहा किलोंनी उतरल्याचं सांगितलं जातं. पटाशी बसून खेळायचा हा खेळ शरीराला एवढं दमवतो.

गुकेशनं चौथीनंतर नियमित शाळा सोडली, हे पालक हटकून सांगतात. 2024 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीआधी त्यानं मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन या प्रशिक्षकाची मदत घेतली, हे मात्र कुणी सांगत नाही.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा. दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. म्हणजे रात्री जागून पाठ केलेली ओपनिंग सकाळी निसटली, तर दोष मुलाच्या बुद्धीचा नाही. झोपेची ती कसर सिरप भरून काढत नाही आणि एनर्जी ड्रिंक तर मुलांना देऊच नये. रोज उजेडात, मोकळ्या मैदानात घालवलेला वेळ चष्मा लागण्याचा धोका कमी करतो. तो वेळ वाया गेला असं समजू नये.

एखादी स्पर्धा हरल्यावर मूल रडलं तर घाबरायचं कारण नाही. पण प्रत्येक स्पर्धेआधी पोटात दुखणं, फळा वाचताना डोळे बारीक करणं, चिडचिड, भूक मंदावणं, आवडता खेळच नकोसा वाटणं हे आठवडाभराहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवावं. डोकेदुखीनं झोपेतून जाग येत असेल, सकाळी उलट्या होत असतील, एकाचे दोन दिसत असतील किंवा मूल जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर त्याच दिवशी.

त्या मुलाला चष्मा लागला, साडेनऊला मोबाईल बंद झाला, आठवड्यातून दोनदा तबला परत सुरू झाला. महिन्याभरात डोकेदुखी थांबली. बुद्धिबळ सुटलं नाही, रोज अडीच तासांवर आलं. पालकांनो, पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्या आणि तो रात्री किती वाजता झोपतो, ते आठवडाभर लिहून ठेवा.