मामाचे गोल्फ आणि आपला कॅन्टिलिव्हर

एसओएमच्या ओरलला "कॅन्टिलिव्हरचे एक उदाहरण सांगा" असे विचारले की आपण सगळे एकजात बाल्कनी सांगतो. मीही तेच सांगितले होते. आता कोणी विचारले तर गोल्फची स्टिक सांगेन, आणि सर थांबवेपर्यंत बोलत राहीन.

माझा मामा पुण्यात एका गोल्फ कोर्सवर कॅडी आहे. आठवडाभर लोकांच्या बॅगा उचलतो आणि सोमवारी स्वतः खेळतो. त्याच्याकडे एका मेंबरने दिलेला आयर्नचा जुना सेट आहे, ३ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत आठ स्टिक. मामाचे वय ५६. दोनेक वर्षांपासून त्याचा चेंडू खालून आणि उजवीकडे जायला लागला, आणि रात्री खांदा ठणकायला लागला. हेड चांगली होती, शाफ्ट मात्र गंजत आले होते. शाफ्ट बदलायचे ठरले. आठ शाफ्ट म्हणजे माझी एका सेमिस्टरची मेस, त्यामुळे चूक परवडणारी नव्हती. (तरी एक झालीच, ती पुढे येईल.)

मामाच्या जुन्या शाफ्टवर 'एस' होते, म्हणजे स्टिफ. सगळ्यांचा सल्ला एकच, "वय झालं, आता आर घे." आर म्हणजे रेग्युलर. पण मित्रांनो, या अक्षरांना कुठलेही सर्वमान्य स्टँडर्ड नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसपेक्षा ताठ असू शकतो. मामाचे शाफ्ट डायनॅमिक गोल्ड एस३०० होते, न कापलेला शाफ्ट १३० ग्रॅम. त्याच मालिकेतला आर३०० आहे १२७ ग्रॅम. म्हणजे सल्ला ऐकला असता तर खांद्यावरचे ओझे फक्त ३ ग्रॅमने कमी झाले असते! उलट १९९९ साली आलेला निप्पॉनचा ९५०जीएच हा एस असूनही ९८ ग्रॅमचा. म्हणून आधी वजन बघायचे, अक्षर नंतर.

शाफ्ट पूर्वी हिकरीच्या लाकडाचे असत. लाकूड वाकते तसे पिळवटतेही, त्यामुळे हेडचे तोंड फिरते. स्टीलच्या शाफ्टचे पेटंट १९१० साली आर्थर नाइट यांना मिळाले, पण अमेरिकेत स्टीलला परवानगी मिळाली १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली. बॉबी जोन्सने १९३० चा ग्रँड स्लॅम हिकरीनेच मारला. पुढच्याच वर्षी यू.एस. ओपन जिंकणारा बिली बर्क स्टीलवाला होता.

आता थोडे गणित. १३० ग्रॅम स्टील म्हणजे साधारण १६.६ घन सेंटिमीटर. लांबी १ मीटर धरा. मुठीकडचा व्यास ०.६०० इंच, टोकाकडचा ०.३७० इंच, म्हणजे सरासरी १२.३ मिलिमीटर. भागाकार केला की नळीची भिंत निघते फक्त ०.४३ मिलिमीटर! हे पाहून मी आधी व्हाइसचे हँडल सैल केले. शाफ्ट सरळ जबड्यात आवळला तर चेपणारच. खाच पाडलेले दोन लाकडी ठोकळे घ्या.

पातळ नळीचे वजन व्यास गुणिले भिंत या प्रमाणात असते, आणि ताठपणा व्यासाचा घन गुणिले भिंत या प्रमाणात. व्यास १० टक्के वाढवून भिंत त्याच हिशेबाने पातळ केली तर वजन तेच राहते आणि ताठपणा २१ टक्के वाढतो. वजन आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्याच मोजायच्या.

ताठपणा मोजायला मूठ ५ इंच आवळून हेड हलवून सोडायचे. मोबाइलच्या स्लो मोशनवर २४० फ्रेमला एक सेकंद. वीस झोके मोजले की पुरे. थिअरीने ५ नंबरसाठी (हेड २५६ ग्रॅम, अधिक शाफ्टचा पाव हिस्सा, मोकळी लांबी ०.८४ मीटर) उत्तर आले मिनिटाला सुमारे ३२०. प्रत्यक्षात आले ३०४. शाफ्टचा व्यास पायरीपायरीने बदलतो आणि आपण सरासरी धरली, तेव्हा एवढा फरक चालायचाच. पण पुस्तकातला फॉर्म्युला आणि मामाची स्टिक इतक्या जवळ आल्या याचा मला झालेला आनंद पार्टनरला शेवटपर्यंत समजला नाही.

विकत घेण्याआधी हेडचे भोक मोजा. टेपर टिप ०.३५५ इंच, म्हणजे ९.०२ मिलिमीटर. पॅरलल टिप ०.३७० इंच, म्हणजे ९.४० मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही, व्हर्नियरला दिसतो. टेपरमध्ये प्रत्येक नंबरचा शाफ्ट वेगळा येतो आणि तो फक्त मुठीकडून कापायचा. पॅरललमध्ये सगळे शाफ्ट एकसारखे येतात. ३ नंबरला टोकाकडून सर्वांत कमी कापायचे, पुढच्या प्रत्येक नंबरला अर्धा इंच जास्त, आणि उरलेली लांबी मुठीकडून.

मामाची हेड पॅरलल निघाली. आणि मी ८ नंबरचा शाफ्ट सगळाच मुठीकडून कापला. लांबी बरोबर, म्हणून कोणालाच कळले नाही. सुदैवाने एपॉक्सी लावण्याआधी हेड नुसती बसवून आलेख काढला. सात बिंदू रेषेवर, नंबरागणिक साधारण चारने चढणारे, आणि आठवा बराच खाली. कापलेले टोक परत जोडता येत नाही. मामा एवढेच म्हणाला, "अरे, मोजलंस म्हणून कळलं तरी." नवीन शाफ्टचे पैसे मी दिले.

शेवटचा हिशेब स्विंगवेटचा. मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू धरून मोमेंट घेतात. शाफ्ट ३० ग्रॅम हलका झाला, त्याचा मध्य टेकूपासून साडेपाच इंचांवर. हेड २३ इंचांवर. म्हणजे पूर्वीचे संतुलन हवे असेल तर हेडवर ७ ग्रॅम वाढवायला हवेत. आम्ही शिशाची पट्टी चिकटवून पाहिली. मामाला ७ जड वाटले, ४ बरे वाटले. तिथे मी फॉर्म्युला बाजूला ठेवला.

जुने शाफ्ट काढताना हीट गनने हेडची मान तापवून पिळले की एपॉक्सी सोडते. ग्रॅफाइटचा शाफ्ट मात्र पिळू नका, सरळ ओढा, नाहीतर धागे फाटतील. नवीन टोकावरचे क्रोम पॉलिश पेपरने घासून काढा आणि एपॉक्सीला पूर्ण २४ तास द्या.

मामाचा चेंडू आता उंच जातो. उजवीकडे अजून जातो, पण पूर्वीइतका नाही. खांदा दर सोमवारी नाही, एखाद्याच सोमवारी दुखतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, त्याच्या कॅडी मित्राचाही सेट करायचा आहे. मी म्हटले, आधी भोक मोज. संध्याकाळी मामाने आकडा कळवला : ९.०२.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी