धूर नाही, तरी धोका?

प्रश्न : मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. थंडी फार, म्हणून रात्री मी तिच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवते. कोळसे अंगणात फुलवून, धूर गेल्यावरच आत आणते. तरी सकाळी तिचं डोकं दुखतं, मळमळतं. जागरणामुळे असेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, जागरणावर ढकलू नका. आज रात्रीपासून शेगडी खोलीबाहेर. धूर गेला तरी लालबुंद निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला ना रंग, ना वास. (सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, याला कोण घालणार?) रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपलेल्याला गुदमरल्याचंही कळत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. अशा वेळीही तो ९८ दाखवू शकतो.

आई-बाळाला आजच डॉक्टरांना दाखवा आणि शेगडीचं आवर्जून सांगा. बाळंतिणीचं डोकं रक्तदाबानंही दुखतं, तेही तपासतील. कुणी गुंगल्यासारखं वाटलं, तर आधी दोघांना मोकळ्या हवेत न्या, मग १०८ला फोन करा.

उबेसाठी बाळाला टोपडं, झबलं आणि आईची कूस पुरेशी. मुलीच्या कमरेला रबरी पिशवीचा शेक चालेल. ओव्याची धुरी मात्र बाळाला नकोच, घरात कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर तो बाहेर बसवून घ्या. बंद दारामागे त्यातूनही हाच वायू साठतो.