मुक्या प्राण्यांची साक्ष

घरांतील कुत्रा अगर मांजर हा केवळ करमणुकीचा सोबती, असें आपण बहुधा समजतों. परंतु तो आपल्याच छपराखालीं राहतो, आपल्याच जमिनीवर लोळतो, आपलेंच पाणी पितो व आपल्या ताटांतील उरलेलें खातो. तेव्हां घरांत एखादें विष शिरलें, तर तें त्याच्याहि शरीरांत जातें. आणि त्याची बाधा पुष्कळदां त्याच्या ठायीं आधीं दिसूं लागते. ह्याचें एक दुःखद उदाहरण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवितों.

जपानांत क्यूशू बेटावर मिनामाता नांवाचें गांव आहे. तेथील कोळ्यांचें मुख्य अन्न मासे. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील धडधाकट मांजरें झोकांड्या खाऊं लागलीं, गरगर फिरूं लागलीं व झटके येऊन मरूं लागलीं. कांहीं समुद्रांत पडून बुडालीं. लोक त्यास मांजरांचा नाच म्हणत. पुढें १९५६ च्या एप्रिलांत पांच वर्षांची एक मुलगी रुग्णालयांत आली. तिला नीट चालतां येईना, बोलतां येईना. ता. १ मे रोजीं तेथील मुख्य डॉक्टर होसोकावा ह्यांनीं ह्या अज्ञात रोगाची वर्दी आरोग्यखात्यास दिली.

कारण असें होतें. गांवांतील रासायनिक कारखान्यांत पारा वापरीत. त्या क्रियेंत मेथिल पारा नांवाचें जालीम विष उत्पन्न होई व तें सांडपाण्याबरोबर समुद्रांत जाई. तेथें तें सूक्ष्म जीवांत, त्यांतून लहान माशांत व लहानांतून मोठ्यांत सांठत गेलें. मासे माणसांनीं खाल्ले, उरलेंसुरलें मांजरांनीं. अन्न एक, विष एक, म्हणून रोगहि एक. आईच्या उदरांतील अर्भकेंसुद्धां त्यांतून सुटलीं नाहींत.

होसोकावा हे त्याच कारखान्याच्या रुग्णालयाचे डॉक्टर. १९५९ सालीं त्यांनीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांत मिसळून एका मांजरास दिलें. प्रयोगांतील त्याचा क्रमांक ४००. ऑक्टोबरांत त्यास तोच रोग जडला. परंतु चालकांनीं ही गोष्ट बाहेर येऊं दिली नाहीं, आणि विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिलें. मुक्या जिवानें साक्ष दिली होती. ती दडविली बोलत्या माणसांनीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील इलिनॉय प्रांताचें. तेथें ८३ कुटुंबांतील मुलांचें व कुत्र्यांचें रक्त तपासून निष्कर्ष १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या घरच्या कुत्र्याच्या रक्तांत शिसें फार, त्या घरच्या मुलाच्या रक्तांतहि तें सांपडण्याचा संभव पुष्कळ वाढतो, असें दिसून आलें. ह्यांत नवल नाहीं. जुन्या रंगाची शिसेमिश्रित धूळ जमिनीवर सांचते. कुत्रा आपले पंजे चाटतो आणि रांगतें मूल तेच हात तोंडांत घालतें.

अर्थात् प्राण्याचें शरीर व मनुष्याचें शरीर सर्वस्वीं सारखें नव्हे. म्हणून प्राण्याचा आजार ही सूचना समजावी, सिद्ध झालेला पुरावा नव्हे. परंतु सूचनेची हेळसांड करूं नये. घरचें जनावर विनाकारण झोकांड्या खाऊं लागलें, तर त्यास हाकलून न देतां गुरांच्या डॉक्टरास दाखवावें. तें काय खातें, कोठें निजतें, घरांत नवा रंग, औषध किंवा फवारा आला काय, हें सर्व सांगावें. आणि त्याच जमिनीवर खेळणाऱ्या मुलांकडेहि लक्ष द्यावें. जो प्राणी बोलूं शकत नाहीं, त्याच्याकडे पाहावयास शिकणें हा दयेचा धडा तर आहेच. शिवाय तो आपल्या स्वतःच्या रक्षणाचाहि धडा आहे.