टाकी भरली, निरोप आला

गच्चीवरची टाकी वाहायला लागली की सोसायटीत कुणीतरी खिडकीतून ओरडतं आणि वॉचमन मोटार बंद करायला धावतो. हा निरोप टाकीनेच परस्पर दिला तर? बारावीचा निकाल हाती आल्यापासून 'कॉम्प्युटर घ्यायचं की ईएनटीसी' यावर ज्या घरांत रोज रात्री बैठक बसते आहे, त्यांनी या टाकीकडे जरा लक्ष द्यावं. तिचं काम या दोन शाखांच्या मधल्या गल्लीत चालतं, आणि त्या गल्लीचा पत्ता कॅप राउंडच्या यादीत एका ओळीत सापडत नाही.

करायचं काय, तर टाकीच्या झाकणाला आतून एक अल्ट्रासोनिक सेन्सर लावायचा. तो कानाला न ऐकू येणारा आवाज खाली सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो. पाणी एक मीटर खाली असेल तर या येण्याजाण्याला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. ईएसपी३२ नावाची, वायफाय असलेली छोटी चिप ही वेळ मोजते आणि त्यावरून पातळी काढते. पहिली ठेच इथेच लागते. बाजारात सर्रास मिळणारा स्वस्त सेन्सर परतीच्या तारेवर ५ व्होल्ट देतो आणि चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये दोन रेझिस्टर घालून दाब उतरवावा लागतो. नुसतं कोडिंग शिकलेल्या मुलाच्या हे गावीही नसतं. नुसतं सर्किट शिकलेला मुलगा इथून सहज पार पडतो आणि पुढे पातळी दाखवणाऱ्या वेब पानापाशी अडतो.

आता निरोप पोचवायचा. फोनने दर सेकंदाला टाकीला 'भरली का, भरली का' विचारत राहणं हा एक मार्ग झाला. लग्नघरातल्या लहान मुलाने 'जेवायला कधी वाढणार' विचारावं तसा. त्याहून शहाणा मार्ग म्हणजे एमक्यूटीटी. यात मध्ये एक ब्रोकर असतो. दलाल म्हटलं की मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते, पण हा दलाल कमिशन घेत नाही. टाकी त्याच्याकडे 'सोसायटी/ब-विंग/टाकी' अशा विषयाखाली आकडा टाकून मोकळी होते. ज्याला तो विषय हवा त्याने आधीच नाव नोंदवलेलं असतं: सेक्रेटरींचा फोन, वॉचमनच्या केबिनमधला बझर, हिशेब ठेवणारा सर्व्हर. ऐकणारे किती आणि कोण, याची टाकीला खबरही नसते. उद्या नवा सभासद आला तरी टाकीच्या कोडला हात लावावा लागत नाही.

ही युक्ती निघाली तेलाच्या पाइपलाइनवर. १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आरकॉम कंपनीचे आर्लेन निपर यांना दूरवरच्या पाइपलाइनवरची मापं उपग्रहामार्फत आणायची होती. उपग्रहाची जोडणी महाग आणि भरवशाची नाही, म्हणून निरोप जितका आटोपशीर तितका बरा. एमक्यूटीटीच्या प्रत्येक संदेशाचा ठरलेला मथळा म्हणूनच अवघ्या २ बाइटपासून सुरू होतो. २०१४ मध्ये त्याला ओएसिस या संस्थेच्या मानकाचा दर्जा मिळाला.

त्यातली सगळ्यात हुशार सोय म्हणजे मृत्युपत्र. इंग्रजीतही तिला 'लास्ट विल'च म्हणतात. टाकीवरची चिप ब्रोकरशी जोडली जातानाच सांगून ठेवते: 'माझा संपर्क अचानक तुटला, तर माझ्या वतीने एवढं कळव.' वीज गेली, राउटर बंद पडला, कुणी प्लग काढून मिक्सर लावला, की ठरलेला वेळ वाट पाहून ब्रोकर तो निरोप सगळ्यांना धाडतो. टाकी रिकामी असणं आणि टाकीची खबरच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या विद्यार्थ्याला उमगलं त्याचं अर्धं शिक्षण झालं. उरलेलं ब्राउझरपाशी होतं. वेब पानाला एमक्यूटीटी थेट बोलता येत नाही. त्याला वेबसॉकेटचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचा, पूल लागतो.

याचा पोटापाण्याशी संबंध काय, हा आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे. शेतातली मोटार घरबसल्या चालूबंद करण्याची गरज इथे जुनीच. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ने ती स्मार्टफोन घरोघरी पोचण्याआधीच साध्या मोबाइलवर भागवली. आता विजेचे स्मार्ट मीटर, बसमधली ट्रॅकिंग यंत्रं, कारखान्यातली मशिनं, शीतगृहं अशा सगळ्यांनाच कुठल्यातरी सर्व्हरशी बोलायचं असतं. जाहिरातीत मात्र पदाचं नाव कधी 'फर्मवेअर', कधी 'एम्बेडेड', कधी 'बॅकएंड' असतं, म्हणून शोधताना एकाच शब्दावर अडून राहू नये. पहिल्या पगाराचा ठाम आकडा सांगणाऱ्या क्लासवाल्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

वाटा बऱ्याच आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला तर पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि हात लवकर बसतो. पदवीनंतर सी-डॅकचा इंटरनेट ऑफ थिंग्जमधला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. खिशाला चाट न लावता अंदाज घ्यायचा तर एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरच्या प्रा. सुदीप मिश्रा यांचा अभ्यासक्रम आहे. शिकायला लागणारा मॉस्किटो हा ब्रोकरही फुकट मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवर चालतो.

सुरक्षेचा धडा मात्र शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने काही मोठी तिजोरी फोडली नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते, तेच त्याने एकामागून एक वापरून पाहिले.

सुट्टीत टाकीचा प्रयोग करायचाच असेल तर तो महिनाभर चालू ठेवावा. एका संध्याकाळच्या डेमोत सगळंच चालतं. दहाव्या दिवशी सेन्सरवर वाफ धरते, आकडे उड्या मारू लागतात आणि पंधरा मापांमधलं मधलं माप घेण्याची गरज कळते. प्रत्येक बिघाड तारखेसह वहीत लिहावा. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्यावी. मोटारीच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात लावायचा नाही, तिथे सोसायटीचा वायरमनच हवा. पहिला महिना टाकीने नुसता निरोप द्यावा. मोटार वॉचमनच बंद करेल.