जुन्या मोठ्या इमारतींचे भूकंपरोधक बळकटीकरण : निकष कोणता आणि खर्च कोणाचा?

भूकंपरोधक बांधकामाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने नव्या इमारतींच्या संदर्भात होते. संहितेत सुधारणा झाली, बांधकाम परवानगीच्या अटी कडक झाल्या की प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला, असे मानले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. कोणत्याही शहरात दरवर्षी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती एकूण इमारतींच्या तुलनेत थोड्याच असतात. येत्या दहा-वीस वर्षांत मोठा भूकंप झाला, तर बहुसंख्य माणसे आज उभ्या असलेल्या इमारतींमध्येच सापडतील. म्हणून जुन्या इमारतींना कोणता निकष लावावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एखादा कॉलम किती आडवे बल सोसेल हे अभियंता सांगू शकतो. समाजाने किती धोका पत्करावा आणि तो कमी करण्यासाठी कोणी किती पैसे मोजावेत, हे मात्र गणिताने ठरत नाही. तो सार्वजनिक अर्थकारणाचा विषय आहे.

अहमदाबादचा अनुभव

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १३,८०० माणसे मृत्युमुखी पडली. अहमदाबाद शहर भूकंपाच्या केंद्रापासून २०० किलोमीटरहून अधिक दूर असूनही तेथे सातशेहून अधिक बळी गेले. कोसळलेल्या इमारती मातीच्या किंवा मोडकळीस आलेल्या नव्हत्या. तळमजला अधिक चार किंवा दहा मजल्यांच्या, तुलनेने नव्या, आरसीसी सांगाड्याच्या त्या निवासी इमारती होत्या. वाहने ठेवण्यासाठी तळमजला मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्याने तो भाग ताठ, तर खाली केवळ कॉलम होते. भूकंपात अशा इमारतीचा बहुतेक सगळा हेलकावा तळमजल्यावर एकवटतो. त्यात कॉलममधील आडव्या रिंगा दूर दूर बांधलेल्या असतील, तर काँक्रीट फुटून बाहेर पडते आणि कॉलम क्षणात बसतो.

येथे विद्यार्थ्यांनी एक तपशील विशेष लक्षात घ्यावा. सलोह काँक्रीटच्या इमारतीत लोखंडी सळयांची रचना कशी असावी, म्हणजे ती वाकेल पण अचानक तुटणार नाही, हे सांगणारे भारतीय मानक १३९२० हे १९९३ पासूनच अस्तित्वात होते. परंतु अहमदाबाद ज्या तिसऱ्या भूकंपप्रवण विभागात येत होते, तेथे ते पाच मजल्यांहून उंच, औद्योगिक किंवा विशेष महत्त्वाच्या बांधकामांपुरतेच लागू होते. तळमजला अधिक चार मजल्यांची सर्वसाधारण निवासी इमारत या अटीतून नेमकी सुटत होती. म्हणजे सर्वच दोष बेकायदा बांधकामाचा नव्हता. काही इमारती त्या वेळच्या नियमानुसार चालण्याजोग्या असूनही घातक होत्या.

२००२ मध्ये नियम बदलले. मानक १३९२० तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या विभागांतील सर्व सलोह काँक्रीट इमारतींना लागू करण्यात आले. भारतीय मानक १८९३ च्या सुधारित आवृत्तीत, तळमजला मोकळा ठेवायचा असल्यास तेथील कॉलम नेहमीच्या अडीचपट बलासाठी संकल्पित करावेत, असा पर्याय आला. भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाही बदलला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे आठ हजार बळी गेलेला किल्लारीचा परिसर तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात आला. या सुधारणा पुढे बांधल्या जाणाऱ्या इमारतींपुरत्या होत्या. २००१ पूर्वीचे मोकळे तळमजले देशभर जसे होते तसेच उभे राहिले.

जुन्याला नव्याचा निकष का नाही?

सहज सुचणारे उत्तर असे, की जुनी इमारतही नव्या संहितेइतकी बळकट करावी. हे उत्तर नैतिकदृष्ट्या निर्दोष दिसते. व्यवहारात ते बहुधा निष्फळ ठरते. नव्या इमारतीत थोडी अधिक सळई आणि अधिक काळजी यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. उभ्या इमारतीत मात्र भिंती फोडणे, कॉलमला बाहेरून काँक्रीटचे किंवा पोलादाचे वेष्टन घालणे, नव्या काँक्रीट भिंती उभारणे, त्यासाठी पाया वाढवणे आणि रहिवाशांना काही महिने अन्यत्र हलवणे, हे सर्व करावे लागते. अनेकदा मूळ नकाशेच उपलब्ध नसतात.

हा व्यवहार ओळखूनच भारतीय मानक ब्युरोने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानक १५९८८ ने, म्हणजे सलोह काँक्रीटच्या विद्यमान इमारतींचे मूल्यमापन व बळकटीकरण यांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी, जुन्या इमारतीसाठी काहीशी सवलत दिली. नव्या इमारतीसाठीच्या आडव्या बलाला एका गुणकाने गुणायचे. हा गुणक म्हणजे इमारतीचे उर्वरित आयुष्य आणि तिचे संकल्पित आयुष्य यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ होय, तो ०.७ पेक्षा कमी धरता येत नाही. ५० वर्षांसाठी बांधलेल्या इमारतीची २५ वर्षे उरली असतील, तर गुणक सुमारे ०.७१ येतो. दहाच वर्षे उरली असतील, तर गणिताने ०.४५ येईल, पण किमान मर्यादेमुळे ०.७ धरावा लागेल. यामागील तर्क सोपा आहे. जी इमारत कमी वर्षे वापरली जाणार, तिच्या वाट्याला मोठा भूकंप येण्याची शक्यता कमी. किमान मर्यादेचे कारणही तितकेच स्पष्ट आहे : इमारतीचे आयुष्य थोडे उरले म्हणून आत राहणाऱ्याच्या जिवाचे मोल कमी होत नाही. शिवाय ‘आणखी दहाच वर्षे’ म्हणून ठेवलेल्या इमारती आपल्याकडे चाळीस वर्षे वापरात राहतात, हे कोणत्याही शहरात दिसते.

सौम्य निकषाचे समर्थन एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शहरात १,००० सदोष इमारती आहेत आणि मोठ्या भूकंपात त्यांपैकी ३० टक्के, म्हणजे ३०० कोसळतील. बळकटीकरणासाठी १०० कोटी रुपये उपलब्ध आहेत. पूर्ण निकषाचा खर्च प्रत्येकी एक कोटी आणि त्यानंतर कोसळण्याची शक्यता २ टक्के; सौम्य निकषाचा खर्च २५ लाख आणि शक्यता ८ टक्के. पूर्ण निकषाने १०० इमारती सुधारता येतील. त्यांतील २ आणि उरलेल्या ९०० पैकी २७०, अशा २७२ इमारती कोसळतील. सौम्य निकषाने ४०० इमारती सुधारतील. त्यांतील ३२ आणि उरलेल्या ६०० पैकी १८०, म्हणजे २१२ कोसळतील. पैसा तेवढाच, पहिल्या मार्गाने २८ इमारती वाचल्या, दुसऱ्याने ८८. सीमान्त लाभाच्या तत्त्वाचे हे सरळ उपयोजन आहे. अर्थात आकडे बदलले तर उत्तरही बदलेल. सौम्य निकषाने धोका फारसा कमीच होत नसेल, तर तो केवळ कागदी दिलासा ठरतो.

रुग्णालयांना हा हिशेब लावता येत नाही. निवासी इमारतीला तडे गेले तरी माणसे जिवंत बाहेर पडली, तर उद्देश साधला. रुग्णालय मात्र भूकंपानंतरच्या पहिल्या तासापासून चालू राहिले पाहिजे. २००१ मध्ये भूजचे जिल्हा रुग्णालयच कोसळले आणि जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. त्या जागी उभारलेल्या नव्या रुग्णालयात जमिनीचे हादरे इमारतीपर्यंत कमी प्रमाणात पोहोचावेत म्हणून पायाशी रबर व शिशाचे आधार बसवण्यात आले. जीवितसुरक्षा आणि अखंड कार्यक्षमता ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. दोन्हींसाठी एकच निकष ठेवला, तर एकीकडे खर्च वाया जातो आणि दुसरीकडे सुरक्षितता अपुरी पडते.

अन्य देशांनी काय केले?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने २०१५ मध्ये मोकळ्या तळमजल्याच्या लाकडी इमारती आणि जुन्या, ठिसूळ काँक्रीट इमारती यांचे बळकटीकरण सक्तीचे केले. निकष नव्या इमारतीसाठीच्या बलाच्या ७५ टक्के. लाकडी इमारतींना सात वर्षांची मुदत मिळाली. काँक्रीटच्या इमारतींना २५ वर्षे देण्यात आली : तीन वर्षांत प्राथमिक तपासणी, दहा वर्षांत सविस्तर मूल्यमापन आणि त्यानंतर प्रत्यक्ष काम. २५ वर्षे ही मुदत ऐकून आश्चर्य वाटते. पण कर्जाची परतफेड, भाडेकरूंची सोय आणि तज्ज्ञ अभियंत्यांची संख्या यांचा हिशेब केला की ती समजते. याच कॅलिफोर्निया राज्याने १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर रुग्णालयांना २००८ ची मुदत दिली होती. ती पाळता न आल्याने पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

न्यूझीलंडने २०१६ च्या कायद्याने नव्या इमारतीच्या निकषाच्या सुमारे एक तृतीयांश ही किमान पातळी धरली आणि भूकंपाच्या धोक्यानुसार १५, २५ किंवा ३५ वर्षांची मुदत दिली. क्राइस्टचर्च येथे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे मेली होती; त्यांपैकी ११५ एकाच काँक्रीट इमारतीत होती. इतके ताजे दुःख असूनही मालकांवरील खर्चाचा बोजा असह्य ठरला. २०२५ मध्ये तेथील सरकारने टक्केवारीची ही पद्धत बदलून केवळ अधिक धोकादायक इमारतींवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला.

जपानने माहितीच्या बळावर भर दिला. १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४०० हून अधिक बळी गेले. त्याच वर्षी, १९८१ पूर्वीच्या संहितेनुसार बांधलेल्या इमारतींच्या बळकटीकरणासाठी कायदा झाला. २०१३ मध्ये मोठी रुग्णालये, दुकाने, हॉटेले आदींना भूकंपक्षमतेची तपासणी सक्तीची करून तिचे निष्कर्ष जाहीर करण्याची तरतूद झाली. असुरक्षित म्हणून नाव प्रसिद्ध झालेल्या हॉटेलात उतरायला लोक कचरतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण ग्राहकाला न दिसणारा दोष उघड झाल्याने बाजारच सुधारणेसाठी दबाव आणतो. सरकारी शाळांसाठी मात्र जपानने बाजाराची वाट पाहिली नाही. २००२ मध्ये निम्म्याहून कमी सार्वजनिक शालेय इमारती भूकंपरोधक होत्या. सरकारी अनुदानाने हे प्रमाण २०१६ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेले.

खर्चाचा प्रश्न

घरमालक स्वतःहून बळकटीकरण का करीत नाही? एक कारण भविष्यकालीन लाभाच्या वटावाचे आहे. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांच्या लाभाचे आजचे मूल्य १० टक्के दराने अवघे ८५ पैसे होते. ४ टक्के दराने ते १४ रुपये होते. दर कोणता धरावा यावरच प्रकल्प परवडतो की नाही हे ठरते. दुसरे कारण बाह्यपरिणामांचे. इमारत कोसळल्यास भाडेकरू, शेजारी आणि रस्त्यावरचे लोकही मरतात. त्यांची हानी मालकाच्या हिशेबात येत नाही. लॉस एंजेलिसने भाडे नियंत्रणाखालील घरांत खर्चाचा निम्मा भाग भाडेकरूंकडून, महिन्याला कमाल ३८ डॉलर या मर्यादेत, वसूल करण्यास मुभा दिली. अशी विभागणी कोणालाच पूर्ण मान्य नसते. पण ती ठरल्यामुळे काम सुरू होते.

भारतात मालकीचे स्वरूप आणखी गुंतागुंतीचे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत साठ सदस्य असतील, तर निवृत्तिवेतनावर जगणारा एक, घर भाड्याने देऊन परदेशी गेलेला दुसरा आणि पुनर्विकासात मोठे घर मिळण्याची वाट पाहणारा तिसरा, यांचे एकमत होणे अवघड. मुंबईसारख्या शहरात वाढीव चटईक्षेत्रामुळे पुनर्विकास आकर्षक ठरतो, बळकटीकरण नाही. जेथे जमिनीचा भाव कमी आहे अशा लहान शहरांत पुनर्विकासक येतच नाही आणि तेथील इमारती दोन्ही मार्गांना मुकतात.

कायद्याची चौकट

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ मध्ये भूकंपविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या सहा आधारस्तंभांपैकी एक म्हणजे प्राधान्याच्या व जीवनवाहिनी ठरणाऱ्या विद्यमान इमारतींचे निवडक बळकटीकरण. यातील ‘निवडक’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये सदोष इमारतींच्या बळकटीकरणासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. तथापि मानके व मार्गदर्शक तत्त्वे स्वतःहून बंधनकारक होत नाहीत. स्थानिक उपविधींत त्यांचा समावेश व्हावा लागतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत बांधकामांचे नियमन हा नगरपालिकांचा विषय आहे. निकष दिल्लीत तयार होतो, अंमलबजावणी मात्र मोजक्या अभियंत्यांच्या नगरपालिकेने करायची असते.

पैशाच्या बाबतीत पंधराव्या वित्त आयोगाने एक महत्त्वाची दिशा दिली. २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती जोखीम निधीपैकी (१,६०,१५३ कोटी रुपये) २० टक्के रक्कम आपत्ती येण्यापूर्वीच्या सौम्यीकरणासाठी वेगळी काढण्यात आली. तोवर सरकारी खर्चाचा ओघ बहुतांशी आपत्तीनंतरच्या मदतीकडे होता.

महाराष्ट्रात एक यंत्रणा आधीच अस्तित्वात आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार गृहनिर्माण संस्थांनी १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी तपासणी करावयाची असते. या तपासणीचा रोख मुख्यतः गळती, गंजलेली सळई आणि फुगलेले काँक्रीट यांवर असतो. रंगरंगोटी केलेल्या, एकही तडा नसलेल्या पण मोकळ्या तळमजल्याच्या इमारतीला प्रमाणपत्र मिळण्यास अडचण येत नाही. तळमजला मोकळा आहे काय, इमारत कोणत्या वर्षीची, कॉलमच्या रिंगांतील अंतर किती, असे चार-पाच प्रश्न याच तपासणीत जोडले, तर शहरातील सदोष इमारतींची यादी फारशा खर्चाविना तयार होऊ शकते. मात्र यादीबरोबर कामाची मुदत आणि सवलतीचे कर्जही हवे. अन्यथा ‘कमकुवत’ असा शेरा मिळालेली संस्था पुढच्या तपासणीला सौम्य अहवाल देणारा अभियंता शोधील.