ओव्हरक्लॉकचं बटण कंपनीचं, बिल माझ्या नावावर

गेमिंग लॅपटॉप ओव्हरक्लॉक करावा का, असं गल्लीतली पोरं मला अजून विचारतात. प्रोसेसर तरी करू नका, हे माझं उत्तर. त्यामागचं तांत्रिक कारण सांगतोच, पण सर्व्हिस सेंटरने माझ्याशी काय केलं तेही सांगणार आहे. तुमचा लॅपटॉप बंद पडला तर तुमची गाठही तशाच काउंटरशी पडणार आहे.

मी कुठलंही चोरटं सॉफ्टवेअर टाकलं नव्हतं. बायोसला हात लावला नव्हता. लॅपटॉपबरोबर कंपनीचंच जे कंट्रोल सॉफ्टवेअर येतं, त्यात सायलेंट, बॅलन्स्ड, टर्बो आणि शेवटी ओव्हरक्लॉक असे मोड होते. दुकानदाराने विकताना तोच शेवटचा मोड लावून दाखवला होता. कंपनीच्या जाहिरातीतही तोच मिरवला होता. दिवसा व्हिडिओ एडिटिंग आणि रात्री गेम, यासाठी मी तो वापरला, तोही कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेच्या आत. ऐन मे महिन्यात रेंडर चालू असताना लॅपटॉप बंद पडला तो परत सुरू झालाच नाही. वॉरंटी शिल्लक होती.

काउंटरवरचा माणूस फार गोड बोलला. ‘सर, गेमिंग करता का? ओसी मोड लावता का?’ मी हो म्हणालो. लपवण्यासारखं काही नव्हतंच. नंतर मेल आला: कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, वॉरंटी लागू नाही. खाली कारण लिहिलं होतं, ‘ग्राहकाने ओव्हरक्लॉकिंग केल्याचे मान्य केले आहे.’ बस, एवढंच. कुठला भाग जळला, कशाने जळला, यावर एक ओळ नाही, एक फोटो नाही. तो मेल वाचताना माझ्या लक्षात आलं की काउंटरवरचा तो प्रश्न दोष शोधण्यासाठी नव्हताच. लॅपटॉप उघडायच्या आधीच निकाल लागला होता. त्यांना फक्त माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

फोनवर भांडलो, तर कारण बदललं. ‘तुम्ही शनिवार पेठेत राहता ना? जुन्या वाड्यांत वायरिंग तसंच असतं, व्होल्टेज वरखाली झालं असेल.’ आमच्या घरी अर्थिंग नव्याने करून घेतलेलं आहे, पण ते विचारायची तसदी कुणी घेतली नाही. पत्ता वाचून निदान! वर मदरबोर्ड बदलण्याचं कोटेशन पाठवलं, ते लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होतं. याचा राग मला आजही आहे.

आता यंत्राचं बघू. डेस्कटॉपवर ओव्हरक्लॉकिंगला अर्थ आहे, कारण तिथे मोठा कूलर बसतो आणि जळलेला भाग सुटा बदलता येतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही मदरबोर्डला सोल्डर केलेल्या असतात आणि बहुधा एकाच हीट पाइपवर दोन्हींची उष्णता जाते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या एचएक्स प्रोसेसरची मूळ मर्यादा ५५ वॅट आहे, पण टर्बोत तो १५७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे कंपनीने तो आधीच ताणलेला असतो. १०० अंशांच्या आसपास चिप स्वतःच वेग उतरवते. त्यामुळे वाढवलेला वेग बेंचमार्कच्या पहिल्या मिनिटात दिसतो, पुढे गायब होतो. खात्री करायची असेल तर सिनेबेंच एकदा चालवून समाधान मानू नका, त्यातली दहा मिनिटांची चाचणी लावा.

वीज आणि उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं की त्यानेच उष्णता एकवीस टक्के वाढली, वेगाची वाढ वेगळीच. त्यात एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावर पत्रा तापतो आणि शेजारी वाडा पाडून इमारत उठत असते, तिची धूळ पंख्यात जाते. जाहिरातीतले आकडे अशा खोलीत मोजलेले नसतात.

जादा व्होल्टेजने चिप झिजते, हे २०२४ मध्ये इंटेललाच मान्य करावं लागलं. त्यांच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड चुकीने जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा अपडेट निघाला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही.

वेग हवा असेल तर उलट दिशेने जा. व्होल्टेज कमी करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचं अंडरव्होल्टिंग आता बंद केलेलं असतं. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर कंपन्यांनी ते बायोसमधून लॉक केलं. ग्राफिक्स चिपचं मात्र एमएसआय आफ्टरबर्नरमधल्या कर्व्हने करता येतं. गेमला फ्रेमची मर्यादा घाला. लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवा. पंखा साफ करताना पाती बोटाने धरा, हवेच्या झोताने ती गरगरा फिरू देऊ नका. लिक्विड मेटलच्या नादी लागू नका: त्यातून वीज वाहते, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं.

खरेदी करतानाच एक गोष्ट पाहा, ती कुठला सेल्समन आपणहून सांगत नाही. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाची लॅपटॉपची चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेत विकली जाते. कमी वॅटची घेऊन ओव्हरक्लॉक करण्यापेक्षा जास्त वॅटची घ्या. चार्जरचा आकडाही पाहा. चार्जर लावलेला असूनही गेममध्ये बॅटरी उतरत असेल, तर तो अपुरा पडतोय.

आता काउंटरवरचं वागणं. खोटं बोलू नका, पण तोंडी उत्तरंही देऊ नका. प्रश्न मेलवर मागा आणि उत्तर मेलवर द्या. लॅपटॉप देण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जॉबशीटवर रिकामे रकाने असतील तर सही करू नका. नकार आला तर जळलेल्या भागाचं नाव, फोटो आणि कारण लेखी मागा. जाहिरातीचं पान आणि सॉफ्टवेअरमधला ओव्हरक्लॉक मोड, दोन्हींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. अपडेटनंतर ते दिसतीलच असं नाही. बिल जपा, डेटाचा बॅकअप घ्या, अटी वाचा, हे तर सगळेच सांगतात.

मी बाहेरच्या चिप लेव्हल कारागिराकडून लॅपटॉप फक्त तपासून घेतला. प्रोसेसरला वीज देणारा एक मॉसफेट शॉर्ट झाला आहे, असं त्याने लिहून दिलं. दुरुस्ती करू दिली नाही, कारण लॅपटॉप आता पुरावा आहे आणि ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. माझी तक्रार दाखल आहे.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत याच पुण्यात उभी केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. आज आपल्या हातात २०१९ चा कायदा आहे आणि सदोष उत्पादनाची जबाबदारी ठरवणारं प्रकरणही त्यात आहे. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, वकील लागतोच असं नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.