मुनिरक्यातल्या बोगनवेलीसाठी कानमंत्र

पोरी, दिल्लीत मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर बोगनवेल आणलीस म्हणे! ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ मध्ये कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला रिओ दी जानेरोजवळ दिसली, आणि त्याच्या सफरीच्या प्रमुखाचं, बूगनव्हिलचं, नाव तिला मिळालं. आपण त्या नावातच ‘वेल’ ऐकली आणि तिला घरची केली. आता आत्याचं ऐक.

१. आधी ऊन शोध, मग जागा ठरव – तुमच्या गल्लीत समोरच्या खिडकीला हात लागतो, पण ऊन लागत नाही. हिला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं; घरमालकांना विचारून गच्चीवर ने.

२. मातीत बोट खुपसून बघ, कोरडी लागली तरच पाणी दे – मी रोज तांब्याभर ओतायची आणि दोन वर्षं नुसता पाला बघायची. लाडाला पानं, उन्हाला फुलं. शेणखतही बेतानंच.

३. कुंडीखालची थाळी दर रविवारी उपडी कर – डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

४. कठड्यावर कुंडी नको – मे-जूनची आँधी सांगून येत नाही, आणि खाली माणसं चालतात.

५. बहर ओसरला की छाट – फुलं नव्या फुटीवर येतात. तारांकडे निघालेली फांदी मात्र वीतभर असतानाच काप. कोवळ्याला कात्री, जुनाला करवत. तारेत गुंतलीच, तर हात लावायचा नाही, वीजवाल्यांना बोलवायचं.

६. काटेरी फांद्या वर्तमानपत्रात घट्ट बांधून दे – कचरा उचलणाऱ्याच्या हातालाही कातडीच असते. जेएनयूच्या रानात तर मुळीच टाकू नकोस – तिथल्या अरवलीला बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीनं आधीच पुरतं छळलंय. बोगनवेल तशी पसरत नाही, तरी तिचं घर कुंडीतच.

७. जानेवारीच्या धुक्यात पानं गळली तर उपटू नकोस, नखानं साल खरवड – आत हिरवं असलं तर ती झोपलीय. थांब.

८. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन काड्या लावून ठेव – अकरा महिन्यांनी खोली बदलावी लागली तर कुंडी जिन्यात अडते, काडी पिशवीत मावते. दिवाळीला येताना एक मला आण. नारिंगी माझ्याकडे नाही.